चोवीस पावलं

बुटाच्या दुकानात काउंटरपासून आरशापर्यंत माझी सव्वीस पावलं भरली. नवे बूट पायात घालून तेच अंतर पुन्हा मोजलं, तर चोवीस. एवढंच झालं, पण मी जवळच्या स्टुलावर बसले. "आई, चक्कर येतेय का?" सुनेने विचारलं. मी म्हटलं, "नाही गं. बूट बघतेय." पाऊल म्हणजे मी चालण्याचं पाऊल म्हणत नाही. एका पायाच्या चवड्याला दुसऱ्या पायाची टाच भिडवत जायचं, मध्ये फट ठेवायची नाही, ते पाऊल. ही माझी जुनी खोड आहे. कुठे थांबावं लागलं की मी मोजत सुटते. दवाखान्यातला बोळ एकशे बारा, आमचं स्वयंपाकघर चौदा, गॅलरी नऊ आणि वर थोडं. विक्रेता खोकं आणायला आत गेला तेव्हा चपलेत मोजलं होतं, तो आल्यावर बुटात. तो चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला. "मावशी, फरशी विकायची नाहीये," तो म्हणाला. सून हसली. "आमच्या घरात टेप नाही," ती म्हणाली, "सासूबाई आहेत." मग तिने वाकून माझ्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं. "थोडा मोठा होतोय का हो?" "मोठाच घ्यायचा असतो या वयात," तो म्हणाला. "पाय सुजतो. पुढे जागा राहिलीच तर जरा कापूस घालायचा. चालायला काय फरक पडतो?" चालायला काहीच फरक पडत नाही. मी त्याला तसं म्हणालेसुद्धा. पण कापूस हा शब्द कानात शिरला तो बाहेर निघेना.

सून पैसे द्यायला गेली आणि मी त्या स्टुलावर बसून राहिले. समोर आरसा होता. त्यात एक पांढऱ्या केसांची बाई, पायात निळे बूट, मांडीवर पिशवी. तिच्याकडे बघता बघता मला नव्या रबराचा वास आला. दुकानाचा नव्हे, त्या दिवसाचा. लाल रबराची धावपट्टी उन्हात तापली की तिला एक गोडसर, जळका वास येतो. त्या मोठ्या स्पर्धेला जाईपर्यंत आम्ही संघातल्या चौघी मातीवरच पळालो होतो. माझा बाप मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा. मी लहानपणापासून त्याच्यामागे दोरी धरून फिरायची, आणि रेघ ओली असताना तिच्या कडेने पळायची, चुना उडू न देता. तिथेच धावणं शिकवणाऱ्या मास्तरांनी मला पाहिलं. "ही कुणाची?" "माझीच," बाप म्हणाला, जसा काही अपराध कबूल करावा तसा. मास्तरांनी मला वळणावर पळायला लावलं, कारण मी बुटकी होते आणि वळणावर बुटक्या मुलीचा तोल जात नाही. चौघींच्या रिले शर्यतीत मी तिसरी. माझ्या आधीची ती बगळी. उंच, पायच पाय, मान पुढे काढून चालायची. पहिली पळायची ती फटाकडी, बंदूक वाजायच्या आधीच अर्धी सुटलेली. शेवटची ताई, आमच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि ही तिची शेवटची स्पर्धा हे तिने आम्हाला घराबाहेर पडतानाच सांगून ठेवलेलं. मला सगळ्या चिंगी म्हणायच्या. बावीस वर्षांची मी, पण चिंगीच.

स्पर्धेला चौदा देशांच्या मुली होत्या. आम्हाला राहायला एक खोली दिलेली, चार लोखंडी खाटा, एक खिडकी, खिडकीतून मैदानाचे उंच दिवे दिसायचे. बगळीचे पाय खाटेच्या गजातून बाहेर यायचे आणि फटाकडी येता-जाता त्यांवर टॉवेल वाळत घालायची. "खुंटी आहे की पाय आहे गं?" "माझ्या पायावर वाळलेला टॉवेल जास्त जोरात पळतो," बगळी म्हणायची. ताई रागवायची, आणि मग तीच हसू दाबायला भिंतीकडे तोंड करायची. त्या आठ दिवसांतलं एवढं हसणं मला पुढे कुठे मिळालं नाही. लग्नात मिळालं नाही, मुलगा झाला तेव्हासुद्धा नाही, म्हणजे आनंद होता, पण तो असा बिनकामाचा, पोट दुखवणारा नव्हता. सकाळी आम्ही नळी घेऊन एकामागे एक हळू पळायचो. बॅटनला आम्ही नळी म्हणायचो, वीतभराहून थोडी मोठी, पोकळ, उन्हात गरम होणारी. मागची ओरडायची "हात!" की पुढचीने न बघता हात मागे करायचा. मास्तरांचं सगळं शास्त्र एवढंच होतं: बघायचं नाही. पुढची मुलगी मागे बघायला लागली की शर्यत गेली. तिने उभं राहायच्या जागेपासून मागे पावलं मोजायची आणि तिथे जमिनीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. मागून येणारी त्या तुकड्यावरून गेली की सुटायचं, जीव खाऊन, आणि मग विश्वास ठेवायचा की ती आपल्याला गाठणार. वीस मीटरचा पट्टा असतो, त्याच्या आत नळी हातात पडली पाहिजे. बाहेर पडली तर चौघी बाद. माझी आणि बगळीची चोवीस पावलं होती. दोन वर्षं घासून घासून मिळालेला आकडा. तेवीसला ती माझ्या अंगावर येऊन आदळायची, पंचविसाला तिला मी सापडायची नाही.

प्राथमिक फेरीत आम्ही दुसऱ्या आलो. ती फेरी मला अजून अंगात आठवते. मी वाकून, खांद्यावरून मागे बघत उभी, माझ्या तुकड्याकडे डोळे लावून. बगळी वळणाच्या तोंडाशी मोठी मोठी होत आली, तिचा पाय पट्टीवरून गेला, मी सुटले, आणि मग काही दिसत नाही, फक्त पुढची रेघ आणि कानात स्वतःचा श्वास. "हात!" मी हात मागे केला आणि नळी अशी आली, जशी ती आधीपासून तिथेच होती. नंतर बगळी म्हणाली, "चिंगे, मला वाटलं मी तुझ्या हातात हात दिला आणि तशीच पुढे पळतेय." आम्ही दोघी गवतावर आडव्या पडून आकाशाकडे बघत होतो. तिच्या गुडघ्यावर चुन्याचा डाग होता. मी तो पुसला नाही.

संध्याकाळी व्यवस्थापकबाई खोकी घेऊन खोलीत आल्या. अंतिम शर्यतीसाठी नवे बूट, खिळ्यांचे, पांढरे, बाजूला निळी रेघ. "उद्या सगळ्यांनी हेच घालायचे. फोटोत चौघी सारख्या दिसल्या पाहिजेत." बाई कपाळावरचा घाम पुसत खोकी वाटत गेल्या आणि शेवटी राहिलं ते माझं. माझ्या मापाचं नव्हतं. बुटाच्या जिभेवर आकडा होता, पण मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आकडासुद्धा नाही, आणि हे त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. पाय घातला तर अंगठ्यापुढे मोकळं. "बाई, मोठा होतोय." "कितीसा? कापूस घाल थोडा." त्यांच्याकडे जखमेवर लावायचा कापूस होता, त्याला औषधाचा वास. मी तो टोकात दाबून बसवला, दोऱ्या आवळल्या, खोलीत चार उड्या मारल्या. पाय हलला नाही. बरं वाटलं. इतके हलके बूट मी कधी घातले नव्हते. मी आरशासमोर जाऊन फक्त पायांकडे बघत राहिले, आणि ताई म्हणाली, "नवरी, चला आता जेवायला."

दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर मी माझ्या जागेवरून मागे चोवीस पावलं टाकली. एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा चोवीस. चिकटपट्टी दाताने तोडली, जमिनीला लावली, टाचेने दाबली. हे सगळं मला सत्तेचाळीस वर्षं आठवत होतं. पट्टीचा तुकडा, दातांत आलेली त्याची कडवट चव, आकडा. आकडा तर बरोबर होता. पायात काय होतं हे मी कधी आठवलं नाही. चोवीस पावलं, पण लांब पायाची, म्हणून पट्टीचा तुकडा मागे गेलेला. बगळी अजून दोन पावलं मागे होती तेव्हाच मी सुटले होते, आणि सुटले तीसुद्धा नव्या हलक्या बुटात, जन्मात पळाले नव्हते तशी.

"हात!" मी हात मागे केला. हातात काही नाही. पळत्या माणसाचा हात असा उघडा मागे राहिला की त्यात वारा भरतो, थंड, आणि तळव्याला कळतं की काहीतरी चुकलंय, पाय मात्र थांबत नाहीत. "हात! हात गं!" दुसऱ्यांदा तो आवाज फाटलेला होता. मग नळीचं टोक माझ्या बोटांना लागलं, निसटलं, पुन्हा लागलं, आणि मी ते धरलं तेव्हा माझ्या डाव्या पायाखालून पट्टा संपल्याची पिवळी रेघ मागे गेलेली होती. मला ते कळलं आणि मी ते कळलं नाही असं केलं. मी वळण पळाले. ताई पळाली. आम्ही तिसऱ्या आलो. फटाकडी पलीकडच्या टोकाला नाचत होती. आणि मग वळणावरच्या पंचाने, खुर्चीवरून उठून, फार घाई न करता, पिवळा झेंडा वर केला. चौघी बाद.

प्रेक्षकांच्या बाकांखालून एक लांब बोळ जायचा, सिमेंटचा, ओला. तिथे मास्तर भिंतीला टेकून उभे होते. ते ओरडले नाहीत. ते बगळीला म्हणाले, "शेवटची दहा पावलं तू पाय उचलले नाहीस." बगळी कमरेवर हात ठेवून वाकलेली होती. ती म्हणाली, "दमले." बस, एवढंच. तिला खरंच तसं वाटलं होतं. एखादी पाठ समोर दिसते आणि जवळ येत नाही, तेव्हा माणूस स्वतःच्याच पायांवर आळ घेतो. ताईने आपला क्रमांक छातीवरून काढला आणि टाचण्या एकेक करून त्याच कापडाला परत नीट लावून ठेवल्या. चार टाचण्या. मी बगळीच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणाले, "जाऊ दे गं." पुढच्या वर्षी संघात बगळी नव्हती.

हे सगळं दुकानातल्या स्टुलावर. सून पिशवी घेऊन आली तेव्हा मी जुन्याच चपला पायात घालून तयार होते. रस्त्यात ती भाज्यांच्या भावाचं काही बोलत होती, मी हूं हूं करत होते. आणि मला वाटत होतं, कशाला? सत्तरीला आलेल्या बायका आम्ही. मी बोलले नाही तर कुणाचं काय अडतं? बगळीचं आयुष्य वाईट गेलं नाही. शाळेत खेळांची शिक्षिका झाली, लग्न केलं, घड्याळं दुरुस्त करणारा नवरा मिळाला, भला माणूस. एकतीस वर्षं तिने मुलींना पळायला शिकवलं आणि प्रत्येक नव्या वर्गाला ती आपली गोष्ट सांगायची. "शेवटची दहा पावलं सोडू नका, माझ्यासारखं करू नका." मी एकदा ऐकलं होतं, कुंपणापाशी उभी राहून. मुली तोंडं उघडी ठेवून ऐकत होत्या. मला तेव्हा भरून आलं होतं. कसं सरळ सांगते, लपवत नाही, असं.

आणि माझं काय? मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागले. वाफेत तीस वर्षं चादरी काढल्या. चादरींवर वॉर्डांची नावं असायची, मी ती शिलाईच्या रंगावरून ओळखायची. दर रविवारी बगळीकडे जायची. एका रविवारी तिने मला औषधाची बाटली दिली, "यावर काय लिहिलंय बघ गं, माझा चष्मा सापडत नाही." मी बाटली उजेडात धरली, फिरवली, आणि म्हणाले, "पुसट आहे." तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "चिंगे, केव्हापासून?" "काय केव्हापासून?" "तू मला सांगितलं का नाहीस?" "तू विचारलं का नाहीस?" मी चव्वेचाळीस वर्षांची होते. पुढच्या रविवारी तिने शाळेतून एक पाटी आणली, आणि मग दोन वर्षं, चहा झाला की पाटी. मी चुकले की ती शिट्टी वाजवायची, खरोखरची शिट्टी, शेजारचे दार उघडून बघायचे. आज मी जे काही वाचते ते तिने दिलेलं आहे.

आणि या सगळ्या वर्षांत मी तिला माफ करत होते. हेच मला त्या रस्त्यात, सुनेच्या शेजारून चालताना, सगळ्यात जास्त टोचलं. मी कधी तिला बोल लावला नाही. कुणी विषय काढला तर म्हणायची, "अहो, दमते एखादी." म्हणताना आवाज मऊ करायची. त्या मऊपणाचं मला सुख होतं. माफ करणाऱ्या माणसाला एक उंच खुर्ची मिळते, आणि मी बुटकी बाई तिच्यावर सत्तेचाळीस वर्षं पाय हलवत बसले होते.

चार दिवस मी बूट खोक्यातून काढले नाहीत. सून म्हणाली, "आई, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, बूट बघायला नाही." रविवारी मी चपला घालूनच बगळीकडे गेले. दुपारची वेळ, दार उघडं. ती टेबलाशी मटार सोलत बसली होती, आतल्या खोलीत तिचे यजमान खुर्चीत, कानाचं यंत्र काढून ठेवलेलं, कारण त्याने शिट्टीसारखा आवाज येतो म्हणे आणि शिट्ट्या त्यांनी जन्मभर ऐकल्या आहेत. मी बसले, दोन शेंगा सोलल्या.

"बगळे, मला सांगायचंय काहीतरी."

"मग सांग की. सुनेशी वाजलं?"

"अंतिम शर्यतीला बूट नवे होते."

"हो. पांढरे. मी वर्षभर जपले होते मूर्खासारखे."

"तुझे मापाचे होते?"

"होते की."

"माझे मोठे होते. पुढे कापूस घातला होता."

ती शेंग तोडता तोडता थांबली. शिक्षिका होती ती, मला पुढचं सांगावं लागलं नाही, पण तिने मला सोडलंही नाही.

"पावलं किती टाकलीस?"

"चोवीस."

"प्राथमिक फेरीत?"

"चोवीस. जुन्या बुटात."

"केवढा मोठा होता?"

मी टेबलावर एक बोट आडवं ठेवलं. तिने त्या बोटाच्या रुंदीकडे पाहिलं आणि ओठांनी हिशेब केला. मटाराचा एक दाणा घरंगळत टेबलाच्या कडेला गेला, खाली पडला, कुणी उचलला नाही.

"अर्धा मीटर," ती म्हणाली. "अर्धा मीटर गं, चिंगे."

"हो."

"म्हणजे मी..." ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. एवढी उंच बाई, आता खांद्यांतून वाकलेली, तिला खोलीत कुठे उभं राहावं कळेना. "मला वाटायचं, माझ्यात काहीतरी कमी आहे. पायांत नाही, इथे." तिने छातीवर बोट ठेवलं. "ऐन वेळी सोडून देणारी बाई आहे मी, असं वाटायचं. लग्नातसुद्धा मनात हेच, की बघू, किती दिवस टिकते. मुलींना सांगत राहिले. किती मुलींना खोटं सांगितलं असेल मी?"

"खोटं कुठे? शेवटची दहा पावलं पळावीच लागतात."

"तू गप्प बस."

ती पुन्हा खुर्चीत बसली आणि शेंगांचा ढीग हाताने बाजूला सारला. "मास्तर गेले," ती म्हणाली. "ताई गेली. फटाकडी कुठल्या गावाला आहे तेही माहीत नाही. आता कुणाला सांगू मी हे? सांग ना. कुणाच्या दारात जाऊन सांगू?"

"मला सांग."

"तुला!" ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "तुला काय सांगायचं गं? तूच तर आलीस सांगायला." तिने पदर डोळ्यांना लावला नाही, पुसलं नाही, तशीच बसली. मी टेबलावरून हात पुढे केला तर तिने आपला हात मांडीवर घेतला. "तुला कधी कळलं?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस थांबलीस?"

"हो."

"का?"

"तुझी कीव करायची सवय होती मला. ती सोडवेना."

हे ऐकून तिने माझ्याकडे बघितलं. बाटली धरली होती तेव्हा बघितलं होतं तसं नाही. या नजरेत मला जागा नव्हती. मग ती म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ नकोस."

"बरं."

मी उठले, चपला शोधल्या. दारात पोचले तेव्हा ती मागून म्हणाली, "त्याच्या पुढच्या ये." मी वळून बघितलं तर ती माझ्याकडे बघत नव्हती, ती आतल्या खोलीकडे निघाली होती.

मी जिन्यात उतरायला लागले. कठड्याला धरून, एकेक पायरी. वरचं दार उघडंच होतं आणि तिचा आवाज येत होता, मैदानावरचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारा. "अहो, ऐका, मी हळू झाले नव्हते! ती आधी सुटली! तिचे बूट मोठे होते!" मग यंत्र शोधण्याची खडखड, काहीतरी खाली पडलं, आणि यजमानांचा गोंधळलेला, मऊ आवाज, "बरं, बरं. मग आता काय करायचं म्हणतेस?"

मी पायरीवर थांबले.

"काही करायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त ऐका. मी पहिल्यापासून सांगते."